कळवणे आणि कळणे



जूनच्या मध्याला आपल्याकडे शाळा उघडतात. नवे दप्तर, नवा रेनकोट, वह्यांना घातलेली तपकिरी कव्हरे, यांची धांदल आठवडाभर पुरते. मग रोजचा परिपाठ सुरू होतो. मूल घरी आले की आपण विचारतो, “आज शाळेत काय झालं?” आणि उत्तर येते, “काही नाही.” पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पाच तास काढून आलेल्या मुलाच्या दिवसात काहीच झाले नाही, असे कसे होईल? पण आपण ते उत्तर घेतो, डबा धुवायला टाकतो आणि मोबाईलवर वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडतो. तिथे गृहपाठ असतो, सूचना असतात, कोणाच्या मुलाने कोणाला ढकलले तेही असते.

यातून एक प्रश्न उभा राहतो. मुलाच्या शालेय जीवनाविषयी पालकांना किती कळले पाहिजे, कोणी कळवले पाहिजे, आणि कळल्यावर पालकांनी काय केले पाहिजे? हा प्रश्न सोयीचा किंवा व्यवस्थेचा वाटतो. आम्हाला तो मुळात नीतीचा वाटतो. या रविवारी त्यावर आपण थोडा विचार करू.

पहिली गोष्ट हक्काची. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, ही शिकवण त्यात स्पष्टपणे मांडली आहे. शाळा त्यांच्या मदतीला येते, त्यांची जागा घेत नाही. आपण मूल शाळेच्या हाती सोपवतो तेव्हा विश्वासाने सोपवतो. त्याच्यावरचा आपला अधिकार आणि आपली जबाबदारी शाळेच्या फाटकात ठेवून येत नाही. म्हणून मुलाविषयीची माहिती देणे ही शाळेची मेहरबानी नाही. ज्याचे आहे ते त्याला देणे आहे.

कायद्यानेही हे काही प्रमाणात मान्य केले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरवले. मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांवर त्याच कायद्याने बंदी घातली. मात्र २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. २०२५ साली दुसऱ्या एका पीठाने त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे मत नोंदवले. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला, पण त्या कायद्याचा मुख्य विषय फी हाच आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची मुले ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत शिकतात. तेव्हा हा न्यायालयाचा विषय आपल्याला दूरचा नाही. कायदा लागू होतो की नाही, हे वकील पाहतील. पण एखाद्या शाळेला कायद्याने सूट मिळाली म्हणून तिची जबाबदारी कमी होते का? आम्हाला वाटते, ती वाढते. कायद्याचा धाक नाही तिथे सदसद्विवेकबुद्धीचाच धाक उरतो, आणि ‘ख्रिस्ती शाळा’ या नावाला तोच साजेसा आहे.

दुसरी गोष्ट, जे तात्काळ कळवलेच पाहिजे त्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर, बदलापूरला एका शाळेत काय घडले ते आपण विसरलेलो नाही. बालवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. ती नोंदवून घेण्यासाठी घरच्यांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला संतापलेले लोक रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. मुलुंड-भांडुपहून कर्जत, खोपोलीकडे जाणाऱ्या अनेकांना तो दिवस आठवत असेल. पुढे, प्रकार समजल्यावरही पोलिसांना कळवले नाही म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेट्या आणि सखी सावित्री समित्या यांविषयी आदेश काढले.

बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. असा प्रकार कळला तर पोलिसांना कळवणे त्याने सर्वांना बंधनकारक केले आहे. संस्थेच्या प्रमुखाने तो दडवला तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कायद्याला असे लिहावे का लागले? कारण संस्था कोणाचीही असो, तिला पहिली काळजी आपल्या नावाची वाटते. ‘बाहेर कळले तर काय होईल?’ हा विचार ‘मुलाला काय झाले?’ या प्रश्नाच्या आधी येतो. हा मोह सर्वांना होतो. शाळांना होतो, कुटुंबांना होतो, आणि आपल्या ख्रिस्तसभेलाही झालेला आहे. जगभरात त्याची फार मोठी किंमत निष्पाप मुलांनी मोजली. म्हणून याबाबत आपण मऊ बोलू नये. मुलाच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला इजा झाली असेल, तर ते त्याच दिवशी आईवडिलांना कळले पाहिजे. संस्थेची अब्रू मुलाच्या अब्रूपेक्षा मोठी नाही.

पण याच घटनेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या, म्हणजे पालकांच्या, वाट्याची आहे. बदलापूरचा प्रकार उघडकीला आला तो कोणत्या सूचनापत्रातून नाही की कॅमेऱ्यातून नाही. लहानग्या मुलीने आपल्याला दुखते आहे असे घरी सांगितले. घरच्यांनी तिचे ऐकले, ‘उगाच काहीतरी’ म्हणून झटकले नाही, तिला डॉक्टरांकडे नेले. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे मोडकेतोडके असते, पण ते ऐकणारे कान घरात होते.

इथे आपल्या मराठीतले दोन शब्द आठवावेत. कळवणे आणि कळणे. कळवण्याचे काम शाळा करू शकते. कळणे हे आपले आपल्यालाच करावे लागते. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले, असे नाही.

याचा पुरावा आपण सर्वांनी अनुभवला आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. मुंबईतले प्राथमिक वर्ग थेट १५ डिसेंबर २०२१ ला उघडले, जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ ला परत भरले. जवळजवळ दोन वर्षे वर्ग आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी भरत होता. बाई काय शिकवतात, कोणाला ओरडतात, आपले मूल उत्तर देते की नाही, सगळे आपल्याला दिसत आणि ऐकू येत होते. इतकी माहिती कोणत्याही पिढीतल्या पालकांना मिळाली नसेल. पण त्यामुळे मूल आपल्याला अधिक कळले का? अनेक घरांत उलट झाले. आई मागून उत्तर सांगू लागली, वडील ‘नीट बस’ म्हणून दटावू लागले, आणि मुलाला स्वतःची म्हणून एकही जागा उरली नाही. मित्राच्या डब्यातला घास, मैदानावरची धक्काबुक्की, बाईंनी दिलेली शाबासकी, हे सगळे हरवले. शाळा उघडली तेव्हा कित्येक मुले अगदी अक्षरांनाही बिचकत होती. बघणे म्हणजे ओळखणे नव्हे, हे त्या दोन वर्षांनी आपल्याला शिकवले.

प्रगतिपुस्तकाचेही तसेच. २०१० साली महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. तेव्हापासून श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहायची पद्धत सुरू झाली: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना चांगली होती. मुलाविषयी आकड्यापलीकडचे काही आईवडिलांपर्यंत पोहोचावे. पण मोठ्या वर्गाच्या बाई नोंदी लिहून लिहून थकतात आणि तीच दोन-तीन वाक्ये सगळ्यांच्या पुस्तकात फिरतात. आणि आपण? आपली नजर थेट श्रेणीवर जाते, मग ‘सुधारणा आवश्यक’वर. मधला ‘आवड-छंद’चा रकाना किती जणांनी मोठ्याने वाचून मुलाला विचारले, “अरे, तुला हे आवडतं? आम्हाला ठाऊकच नव्हतं!”

आता सर्वांत अवघड भाग. बातमी खरी मिळावी असे वाटत असेल, तर ती ऐकणारा कसा आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. डायरीत बाईंनी तक्रार लिहिली आणि घरी मुलाने मार खाल्ला, की तीन गोष्टी एकदम घडतात. मूल पुढची तक्रार लपवते, प्रसंगी सहीसुद्धा स्वतःच करते. बाईंना ते समजले की त्या, मूल मार खाईल या भीतीने, लिहायचेच थांबवतात. आणि आईवडिलांना वाटते, सगळे ठीक चालले आहे. त्या घरात शांतता असते, पण ती अज्ञानाची असते.

म्हणून आम्ही म्हणतो, सत्य सांगणे हे जसे सांगणाऱ्याचे कर्तव्य, तसे सत्याला सुरक्षित जागा देणे हे ऐकणाऱ्याचे. मूल शंभर वेळा आजमावून पाहते. खोडरबर हरवला, हे सांगितल्यावर घरात काय होते, यावरून ते ठरवते की पुढे मोठे काही झाले तर सांगायचे की नाही. खोडरबरासाठी आकाशपाताळ एक करणाऱ्या घरात ‘मला त्या काकांची भीती वाटते’ हे वाक्य कोण उच्चारील?

आपल्या धर्मग्रामात आणखी एक अडचण आहे. वसईहून, नगर-श्रीरामपूरहून आलेली कुटुंबे इथे आहेत, पिढ्यानपिढ्या इथेच राहणारी ईस्ट इंडियन कुटुंबेही आहेत. घरात मराठी, मुले इंग्रजी शाळेत. शाळेचे सूचनापत्र इंग्रजीत येते. ते वाचून दाखवतो कोण? तेच मूल. आपल्याविरुद्धची तक्रार आठ वर्षांचे मूल स्वतःच भाषांतर करून सांगते, आणि आपल्याला हवे तेवढेच सांगते. यात मुलाला खोटारडे म्हणण्यात अर्थ नाही. ज्या भाषेत आई वाचू शकते त्या भाषेत कळवले नाही, तर ते कळवलेच नाही, असे मानायला हवे. पालकसभेतही इंग्रजी येत नाही म्हणून शेवटच्या बाकावर गप्प बसून येणाऱ्या आया आहेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. विचारणारे कोणी नसते.

या संदर्भात ताराबाई मोडक यांची आठवण होते. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गरीब आणि आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा इतिहास आहे. अंगणात शाळा भरली की आई कामातून मान वर करून पाहते, आजी दारात बसून ऐकते, मूल काय करते हे कोणी वेगळे कळवावे लागत नाही. आपल्या इमारतींना आणि चाळींना तसे अंगण आता उरलेले नाही, हे खरे. पण शाळा आणि घर यांच्यात एकमेकांना भीती न बाळगता भेटण्याची जागा हवी, ही त्यामागची दृष्टी आपल्याला घेता येईल.

तिसरी गोष्ट, मुलाच्या स्वतःच्या हक्काची. आपले मूल लहान आहे म्हणून त्याचे सगळेच आपले, असे नाही. मैत्रिणीशी अबोला, बाईंनी दिलेल्या फुलाचा आनंद, गाणे म्हणताना झालेली फजिती, हे त्याचे धन आहे. ते त्याने दिले तर घ्यावे. पोलीस तपासासारखे काढून घेऊ नये. आणि दिले तर चव्हाट्यावर मांडू नये. वर्गाच्या ग्रुपवर ‘अमक्याचा मुलगा फार मारकुटा आहे’ असे लिहिताना क्षणभर थांबावे. ते सात वर्षांचे मूल उद्या त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणार आहे, आणि साठ घरांनी त्याचा निकाल लावून टाकलेला आहे. आपल्या मुलाविषयी जाणून घेण्याचा हक्क आपल्याला आहे; दुसऱ्याच्या मुलाची बदनामी करण्याचा नाही. तक्रार असेल तर ती बाईंकडे न्यावी, त्या मुलाच्या आईकडे न्यावी.

कोणी विचारील, मुलांना असे काही ठेवू दिले तर त्यातच धोका दडणार नाही का? शंका योग्य आहे. पण मुलाने स्वतः मनात ठेवलेली गोष्ट वेगळी आणि दुसऱ्या कोणी ‘घरी सांगू नकोस’ म्हणून ठेवायला लावलेली गोष्ट वेगळी. पहिली त्याच्या वाढीची खूण आहे, दुसरी धोक्याची. प्रत्येक मुलाला हा फरक अगदी सोप्या शब्दांत शिकवावा: “कोणीही, अगदी ओळखीच्या माणसानेही, ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं, तर तेच आईला सगळ्यात आधी सांगायचं. आम्ही रागावणार नाही.” आणि मग खरोखरच रागावू नये.

लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वल्हांडण सणानंतर घरी परतताना बारा वर्षांचा येशू येरुशलेममध्येच मागे राहिला. तो सोबतच्या लोकांत असेल असे समजून पवित्र मरिया आणि संत योसेफ दिवसभराची वाट चालून गेले. ‘कोणाच्या तरी सोबत असेल’, हा समज किती ओळखीचा आहे! आपल्याला वाटते, शाळा बघत असेल. शाळेला वाटते, घरचे बघत असतील. दोघांनाही वाटते, ट्यूशनच्या बाई बघत असतील. पण मूल आपल्यात नाही असे ध्यानात येताच ते दोघे मागे फिरले आणि सापडेपर्यंत शोधत राहिले. सापडल्यावर आईने विचारले आणि आपली तळमळही सांगितली. मुलाने उत्तर दिले. ते उत्तर त्यांना समजले नाही. तरीही ती तिघे एकत्र घरी गेली, आणि आईने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. मुलाची प्रत्येक गोष्ट लगेच समजलीच पाहिजे असे नाही. मागे फिरणे, विचारणे, ऐकणे आणि जपून ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.

यातून काही साध्या गोष्टी करता येतील. पालकसभेला वर्षातून निदान एकदा वडिलांनीही जावे. अर्ध्या दिवसाची रजा त्यासाठी घ्यावी. बाईंना केवळ ‘अभ्यास कसा आहे?’ असे न विचारता ‘तो कोणासोबत खेळतो? डबा कोणासोबत खातो?’ असेही विचारावे. मुलालाही मार्कांआधी हेच विचारावे. ज्यांना इंग्रजी चांगले येते त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर शेजारच्या कुटुंबाचे सूचनापत्र वाचून द्यावे. ही मोठी सेवा आहे. शाळेत काम करणाऱ्या आपल्या शिक्षक बंधुभगिनींनी महिन्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाविषयी एक चांगली गोष्ट घरी कळवावी, म्हणजे डायरी उघडताना घराला धडकी भरणार नाही. आणि १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. मुलांच्या मदतीसाठीची ही चाइल्डलाइन १९९६ साली आपल्याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली आणि पुढे देशभर पोहोचली.

मराठीत ‘कळ’ म्हणजे वेदना. ज्याला दुसऱ्याची कळ कळते, त्याच्या मनात कळवळा उपजतो. शाळेने कळवावे, न लपवता आणि वेळेवर. पण मुलाची कळ कळणे, हे काम कोणतेही सूचनापत्र आपल्यासाठी करणार नाही. त्यासाठी संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटे मुलाजवळ बसावे लागते, आणि ते जे सांगेल ते आधी पुरते ऐकून घ्यावे लागते.